ग्लासगोची लांब रात्र आणि आमची मुलं

डिसेंबरात ग्लासगोला दुपारी पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. मुलं शाळेतून येऊन दप्तर ठेवतायत तोच मगरिबची, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या नमाजची, वेळ होते आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊपर्यंत काळोख. कोकणात म्हसळ्याकडच्या आमच्या गावात दिवेलागणीला वाटते ती हुरहूर इथे चहाच्या वेळेलाच घरात शिरते आणि झोपेपर्यंत मुलांची पाठ सोडत नाही.

धाकट्याला रोज रात्री काहीतरी व्हायचं. पोट दुखतंय, पाणी पाहिजे, शू लागली. खरं कारण फार उशिरा बाहेर आलं. मगरिबला सैतान बाहेर पडतात, असं त्याने मदरशात ऐकलं होतं. तेव्हापासून पडदा हलला तरी पोरगा पांघरुणात.

त्याला कुणी खोटं सांगितलं नव्हतं. पैगंबरांचे साथीदार हजरत जाबिर यांनी सांगितलेली ही हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या दोन्ही संग्रहांत आहे. पण त्याच्या कानावर ती अर्धीच पडली होती. त्यातच पुढे म्हटलंय की रात्रीचा थोडा वेळ सरला की मुलांना मोकळं सोडा, अल्लाचं नाव घेऊन दारं लावा, लावलेलं दार सैतान उघडत नाही. "असं काही नसतं, झोप आता" म्हणून त्याला गप्प केलं असतं, तर त्याचा ना उस्तादांवर विश्वास राहिला असता, ना माझ्यावर. म्हणून उरलेली हदीस सांगितली आणि दारं लावायचं काम त्याच्याकडेच दिलं. आता पुढचं दार, मागचं दार, स्वयंपाकघराची खिडकी, सगळं तोच 'बिस्मिल्ला' म्हणत लावतो. कडी नीट बसली का, ते ओढून बघतो. भांड्यांवर झाकणंसुद्धा ठेवतो, कारण तेही त्याच हदीसमध्ये आहे.

मग अंथरुणात आयतुल कुर्सी, ही कुराणातली आयत. त्यानंतर दोन्ही तळहात जोडून तिन्ही कुल, म्हणजे कुराणाच्या शेवटच्या तीन छोट्या सूरह, म्हणायचे, हातांवर फुंकर घालायची आणि डोक्यापासून जिथवर हात पोचतो तिथवर अंगावरून फिरवायचे, असं तीनदा. हे आमच्या नानीने आम्हाला शिकवलं तसंच. पोरगा हट्टाने माझ्या तोंडावरूनही हात फिरवतो. वाईट स्वप्न पडलं तर डावीकडे तीनदा थू थू करून अल्लाची पनाह मागायची आणि कूस बदलायची, हेही त्याला पाठ आहे. भेदरलेल्या मुलाला करायला काहीतरी हातात लागतं, तेव्हा त्याच्या जिवात जीव येतो.

पण मुलाचं ऐकून घेण्याआधीच दुआ पुढे करू नये, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हिवाळ्यात मगरिबची नमाज झाली की आम्ही मुसल्ल्यावर, म्हणजे नमाजच्या चटईवरच, बसून राहतो. दिवसभराचं काय असेल ते तिथे बोलायचं, म्हणजे रात्री उशीवर ओझं राहत नाही. लेकीने तिथेच विचारलं, "अम्मी, तू झोपेतच गेलीस तर?" कबरीतल्या अजाबची, म्हणजे शिक्षेची, एक क्लिप नात्यातल्या कुणाच्या तरी फोनवर तिने पाहिली होती. 'असं बोलू नये' हे आपल्याकडचं ठरलेलं उत्तर. मी तिला म्हटलं, "आज माझी तब्येत छान आहे. आणि मला कधी काही झालंच, तर अब्बा आहेत, खाला आहे, नानी आहे. तू एकटी पडणार नाहीस." तिने खालाचा फोन नंबर पाठ करून घेतला आणि जेवायला गेली.

नानीला झोपताना फोन करावा, तर आमचे साडेसात म्हणजे हिवाळ्यात तिकडे रात्रीचा एक. म्हणून तिने आयतुल कुर्सी व्हॉट्सॲपवर रेकॉर्ड करून पाठवली आहे. मधे तिचा खोकला आहे, कोंबडा आरवतो, आणि मुलांना तीच लागते.

उन्हाळ्यात सगळं उलटं. जूनमध्ये मगरिबच रात्री दहानंतर, त्यामुळे मुलं लख्ख उजेडात जाड पडदे ओढून झोपतात आणि गप्पा जेवणाच्या टेबलावर होतात.

पोटदुखी, रडणं आठवडेच्या आठवडे चाललं तर डॉक्टरांकडे जरूर न्या. दुआ त्याच्या आड येत नाही.

आणि गावाकडच्या सगळ्या खाला, फुफी, मामांना हात जोडून विनंती: जहन्नमच्या, जिनांच्या त्या क्लिपा मुलांच्या हाती पडतील अशा ग्रुपवर टाकू नका. "झोप, नाहीतर जिन येईल" हेही सोडा. त्याऐवजी तुमच्या आवाजातली एखादी सूरह पाठवा, खोकल्यासकट चालेल.