आजीची कनवट कधी हलायची नाही (नोंद ११)

मॅरेथॉनच्या सरावातले रविवारचे ३२ किलोमीटर पळून झाले. पुण्यात राजाराम पुलापासून डोणज्यापर्यंत आणि परत. पाय ठीक, पोट ठीक, वेळ ठरवल्यापेक्षा चार मिनिटं कमीच. पण कमरेवर डावीकडे मागच्या बाजूला दोन रुपयांच्या नाण्याएवढी कातडी सोलवटून गेलीय. घरी येऊन अंघोळीचं पाणी तिथे लागलं आणि मी अशी ओरडले की शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या.

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की पळताना खाणं आणि फोन कमरेला बांधायच्या पट्ट्याचा प्रश्न सुटला. ते शब्द गिळते.

आधी हिशेब पुन्हा एकदा, कारण नोंद ८ मधला माझा आकडा कमी होता. तासाला ४५ ग्रॅम कार्ब (साखर-पिष्ट) धरले तर मॅरेथॉनच्या ४ तास ४० मिनिटांना २१० ग्रॅम होतात. एका जेलमध्ये (पळताना चोखायचा गोड लगदा, पाकिटातला) २५ ग्रॅम, म्हणजे आठ जेल. एक पाकीट ४० ग्रॅमचं, त्यामुळे ३२० ग्रॅम झाले. फोन २००. किल्ली, मिठाची पुडी, शंभराची नोट मिळून साडेपाचशे ग्रॅम कुठे गेले नाहीत. मिनिटाला १७० पावलांनी २८० मिनिटं म्हणजे ४७,६०० पावलं, आणि तितक्याच वेळा हे अर्धा किलोचं गाठोडं वर उडून खाली आपटणार. एलिट, म्हणजे पहिल्या फळीतल्या पळणाऱ्या मंडळींच्या बाटल्या साधारण दर पाच किलोमीटरला टेबलावर मांडून ठेवलेल्या असतात. आपलं किराणा दुकान आपल्याच कमरेला.

तर रविवारी झालं असं. पट्टा तोच, ऑनलाइन मागवलेला, सलग नळीसारखा, चार ठिकाणी तोंडं असलेला. (कुठल्या दुकानाचा ते लिहीत नाही, परत घेताना त्यांनी जो काही छळ मांडलाय तो मिटू दे.) पहिले सात किलोमीटर सगळं घट्ट बसलेलं. आठव्याला एक जेल, चौदाव्याला दुसरं, दोन्ही पुढून काढली. तिथेच घोळ झाला. पुढची जागा रिकामी झाल्यावर बाकीची पाकिटं नळीतून सरकत त्या रिकाम्या जागेत आली आणि पाठीवरचा फोन सुटा झाला. परतीच्या वाटेवर, खडकवासल्याची चौपाटी ओलांडेपर्यंत, पट्टा अख्खा फिरून फोन डाव्या खुब्यावर आलेला. मी सरळ केला, दोन मिनिटांत पुन्हा तिथेच. घट्ट केला तर वर चढायला लागला. नांदेड फाट्याच्या अलीकडच्या स्पीडब्रेकरवर एक जेल उडून रस्त्यात पडलं आणि मागून येणाऱ्या टेम्पोने त्याची चटणी केली. चोवीसपासून पुढे मी एक हात कमरेवर ठेवून पळत होते. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं असेल बाईंना कळ लागलीय.

आता वर का चढतो ते सांगते, कारण यावर मी तीन रात्री घालवल्यात. आपलं शरीर नितंबांपासून कमरेपर्यंत निमुळतं होत जातं. पट्टा खुब्याच्या हाडावर कितीही आवळा, प्रत्येक पावलाला तो अरुंद जागा शोधत वर सरकतो, आणि कमरेपाशी पोचला की तिथे घेर कमी म्हणून ढिला पडतो. ढिला पडला की उडतो, उडला की घासतो. बायकांच्या बाबतीत हा उतार जास्त. हे पट्टे बहुतेक खांबासारख्या सरळ अंगाच्या पुरुषांवर बेतलेले असतात असं माझं ठाम मत आहे. त्यात इलॅस्टिक घामाने भिजलं की सैल पडतं, म्हणजे पंधराव्या किलोमीटरचा पट्टा हा पहिल्या किलोमीटरचा पट्टा नसतोच.

आणि कळस माझा स्वतःचा. घासू नये म्हणून मी पट्ट्याखाली चांगलं बोटभर व्हॅसलीन लावलं होतं. पट्ट्याच्या आतल्या बाजूला पकड राहावी म्हणून सिलिकॉनचे ठिपके होते. त्या ठिपक्यांचं वंगण मीच करून ठेवलं. हसा.

सोमवारी रात्री आईशी फोनवर हे सगळं रडगाणं चालू होतं. ती म्हणाली, "तुझी आजी दिवसभर वावरात खुरपायची, बाजाराला चालत जायची, कनवटीला पैसे आणि कपाटाची किल्ली असायची. कधी काही पडलं नाही तिचं." फोन ठेवला आणि कपाटातून जुनी नऊवारी काढली. कमरेला तिचा एक फेरा घेतला, निरीपाशी जेलचं पाकीट ठेवलं, कापडाला दोन वळसे दिले, आत खोचलं आणि स्वयंपाकघरात उड्या मारल्या. ढिम्म. वीस उड्या, तीस उड्या, काही नाही. नवरा म्हणाला, खालच्यांचा विचार कर.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. कनवटीत वस्तूला हलायला जागाच नसते. कापड तिच्याभोवती आवळलेलं असतं आणि ती अंगाला चिकटलेली असते. माझ्या नळीत वस्तूपेक्षा मोकळी जागा जास्त. इतके दिवस मी वजन कमी करत बसले होते, आणि उडत होती ती मोकळी जागा.

म्हणून पट्टा बाद. मंगळवारी तुळशीबागेतून दोन इंची इलॅस्टिक आणलं (ऑनलाइनपेक्षा निम्म्या भावात, आणि दुकानदार ताणून दाखवतो, स्क्रीन दाखवत नाही), जुन्या टाइट्सचा एक पाय कापला आणि आमच्या शिंपीकाकांकडे गेले. पळायच्या टाइट्सच्या नेफ्यावरच बाहेरून लायक्राचा पट्टा शिवायचा, त्याचे आठ अरुंद कप्पे, पाठीवर मधोमध फोनचा आडवा कप्पा. काका बघतच राहिले. "ताई, हे काय, काडतुसांचा पट्टा का?" मग स्वतःच कामाला लागले. मी सरळ शिलाई म्हणत होते, त्यांनी उडवून लावलं: "ताणलं की टपकन तुटेल. झिगझॅगच पाहिजे." अगदी बरोबर. कप्प्याची रुंदी मी सहा सेंटीमीटर सांगितली होती, कारण पाकीट साडेपाचचं. त्यांनी एक शिवून दाखवला, पाकीट आत घातलं, हलवलं आणि खडखडवून दाखवलं. शेवटी साडेचारवर ठरलं. पाकीट घालताना कापड ताणलं जातं आणि मग सोडत नाही. खोली दहा सेंटीमीटर, म्हणजे वरचं टोक दोन बोटं बाहेर राहतं आणि पळता पळता चिमटीत येतं.

बुधवारी १४ किलोमीटर, पाषाण-सूसच्या बाजूने. मुद्दाम आठही कप्पे भरून. उतारावर जोरात पळाले, फुटपाथवरून उड्या टाकल्या. हललं नाही. पाचव्याला एक काढलं, शेजारचं जागचं सरकलं नाही. किल्लीचा आवाजसुद्धा नाही! चौदा किलोमीटर नुसता श्वास आणि बुटांचा आवाज ऐकत पळण्यातलं सुख ज्यांनी वर्षभर किल्ली खुळखुळवत काढलंय त्यांनाच कळेल. जुन्या जखमेला टेपचा तुकडा लावला होता, तोही निघाला नाही.

एकच कुरबूर: फोन घामाने भिजला. आता धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीत गुंडाळते. बोहरी आळीतल्या झिपच्या पिशव्या दिसायला छान, पण कडा टोचतात.

जेलऐवजी घरी करता येणाऱ्या गुळाच्या पाकाचं थोडक्यात. १०० ग्रॅम गूळ, थोडं गरम पाणी, लिंबू, चिमूटभर मीठ, मऊ बाटलीत भरून. साखर म्हणून गूळ इथे चांगलाच: त्यातल्या सुक्रोजचे पोटात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग होतात आणि ते आतड्यातून वेगवेगळ्या दारांनी आत जातात. नुसतं ग्लुकोज तासाला साधारण ६० ग्रॅमच्या पुढे तुंबतं. गावचा काळा गूळ चवीला राजा, पण सुती कपड्यातून दोनदा गाळा, नाहीतर बाटलीच्या चावायच्या तोंडात कचरा अडकतो आणि तुम्ही लहान मुलासारखे चोखत राहता. माझं तसं झालं, अकराव्या किलोमीटरला.

हे लिहिता लिहिताच एक डोक्यात आलं. मागच्या वेळी मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडच्या शेवटच्या चढावर माझ्याकडे तीन जेल शिल्लक होती, न खाल्लेली, म्हणजे पस्तीसेक किलोमीटर नुसती मिरवली. आणि मावशी राहते शिवाजी पार्कला. तिने मधेच चार जेल दिली तर सुरुवात फक्त चारांवर करता येईल. नियम काटेकोर वाचला तर अधिकृत टेबलांबाहेरून काही घ्यायचं नसतं, पण रस्त्याकडेला संत्र्याच्या फोडी नि चिक्की घेऊन उभे राहणारे मुंबईकर आणि ते घेणारे हजारो पळणारे बघता माझ्यावर कोणी शिट्टी फुंकेल असं वाटत नाही. यंदाचा मार्ग नीट बघून ठरवते.

मावशीला लगेच फोन केला. ती तयार आहे. तिचा एकच प्रश्न: "नुसती ही पाकिटं? थर्मासमध्ये चहा आणू का?"

म्हणजे आता आठ नाही, पाचच कप्पे लागतील. चार जेलचे आणि एक मिठाचा. उद्या पुन्हा काकांकडे जाऊन तीन उसवून घ्यायचेत. आज सकाळीच त्यांनी फाटकाशी अडवून विचारलं होतं, "चाललाय ना ताई पट्टा?" आणि मी म्हटलं होतं, "एक टाकाही बदलायची गरज नाही."