गुरुजींचं ‘बरं’

शाळेच्या शतकोत्तर रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी चार-पाचशे शब्द लिहा, असा फोन आला आणि मी लगेच हो म्हणून बसलो. लिहायला घेतलं तर इमारत आठवेना, मैदान आठवेना, नुसते गुरुजीच समोर. कोणते गुरुजी, हे माझ्या बरोबरीच्यांना सांगायला नको. बाकी सगळे ‘सर’ होते, गुरुजी एकच.

मी १९७६च्या दहावीचा. शाळेच्या बोर्डिंगात आलो तो १९७२च्या दुष्काळात. आई-वडील खडी फोडायला जायचे, आणि बोर्डिंगात निदान दोन वेळचं जेवण मिळायचं. मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, ती लालसर भाकरी ज्यांनी खाल्ली त्यांना चव सांगायला नको. ज्यांनी नाही खाल्ली त्यांना सांगून पटणार नाही.

रात्री साडेआठला उपासना. सतरंजी, कंदील, ‘उपासना संगीत’ या ख्रिस्ती गीतांच्या पुस्तकातलं एक गीत, बहुधा कवी ना. वा. टिळकांचं. रेव्हरंड टिळक कोकणात जन्मले, १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, हे गुरुजींनी दहादा सांगूनही आम्ही त्यांना पक्के नगरकर समजत होतो. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक म्हणत. ते सांगताना गुरुजींचा आवाज थोडा चढायचा. मग प्रभूची प्रार्थना. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ इथं गुरुजी थांबत. चांगले दोन-तीन श्वास थांबत. आमची गाडी तोवर ‘रोजची भाकर’ या स्टेशनावर पोचलेली असे, आणि मग सगळ्यांना मागं यावं लागे.

आठवीत असताना खो-खोच्या सामन्याच्या आदल्या रात्री मला ताप भरला. पळतीत मी आमचा हुकमी एक्का होतो (हे मीच म्हणतोय, कारण म्हणणारे आता फारसे राहिले नाहीत). गुरुजी कपाळावर ओली पट्टी ठेवायला आले. म्हटलं, “गुरुजी, सकाळी आठच्या आत ताप उतरू दे, अशी प्रार्थना करा.” त्यांनी खाटेशेजारी गुडघे टेकले आणि अगदी तशीच प्रार्थना केली. ‘आठच्या आत’सुद्धा म्हणाले. मग गप्प. कंदिलाची वात फुरफुरली तेवढाच आवाज. बऱ्याच वेळानं, समोर कुणी काही बोलल्यासारखं, हळूच म्हणाले, “बरं.” आणि आमेन.

सकाळी ताप तसाच. मी चिडून रडलो. “तुम्ही ‘बरं’ कशाला म्हणालात? तुम्हीच सूट दिली, मग देव कशाला उतरवतोय ताप!”

गुरुजी इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग पेजेची वाटी हातात देत म्हणाले, “अरे, वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूनं हा प्याला टळू दे म्हणून मागितलंच ना? एकदा नाही, तीनदा. प्रेषित पौलानंही शरीरातला काटा काढ म्हणून तीनदाच विनवलं. मागायला कुणाची बंदी नाही. पोटात आहे ते सगळं मागावं. पण मागून झालं की उठून चालतं व्हायचं नाही. त्याचं काय म्हणणं आहे तेही ऐकायचं.”

मला घोंगडीत गुंडाळून, सायकलच्या कॅरिअरवर बसवून ते सामना बघायला घेऊन गेले. आमची शाळा जिंकली. माझ्याशिवाय! तापापेक्षा ते जास्त झोंबलं.

दोन वर्षांनी गुरुजींच्या घरच्या मावशी आजारी पडल्या. आम्ही सगळी पोरं त्यांना मावशीच म्हणायचो, त्यांच्या हातची शेंगदाण्याची चटणी चोरून खायचो. त्या दिवसांत एकदा पहाटे मी उठलो तर ऑफिसच्या पायरीवर गुरुजी बसलेले. मागत होते. वाटणारच नाही की हा मोठा माणूस आहे, असं हट्टानं, तेच ते पुन्हा. मी खांबाआड उभा. त्या दिवशी ‘बरं’ ऐकू आलं नाही. मावशी गेल्या त्याला महिना होऊन गेला, तेव्हा कुठं एका रात्री उपासनेत, थांबायच्या जागी थांबून, त्यांनी ते म्हटलं. बोर्डिंगातल्या लहान पोरांना काही कळलं नाही. आम्ही दहावीची मुलं सतरंजीकडं बघत राहिलो.

मी पुढं पाटबंधारे खात्यात लागलो, उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. मुलगी पुण्यात डॉक्टर आहे. दोन वर्षांपूर्वी माझी बायपास झाली. स्ट्रेचरवर छतावरचे दिवे मोजत मी भरपूर मागितलं, आणि शेवटी गुरुजींची आठवण ठेवून म्हणालो, “बरं, पण...” त्या ‘पण’च्या पुढं काय ते सांगायच्या आधीच भूल चढली.

मागच्या जूनमध्ये शाळेत येऊन गेलो. चिंच तोडलीय, तिथं पेव्हर ब्लॉक बसवलेत. प्रार्थना आता स्पीकरवरून होते, स्वच्छ ऐकू येते, पण एका दमात. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे’ आणि ‘रोजची भाकर’ यांच्यात सुईसुद्धा शिरणार नाही. कार्यकारिणीला माझी एवढीच विनंती आहे की त्या जागी दोन श्वास थांबवा. पोरं पुढं पळतील, पळू द्या. येतील मागं.

वाचनालयासाठी गुरुजींच्या नावानं एक लोखंडी कपाट देतोय. महोत्सवाच्या आदल्या दिवशी टेम्पो येईल. उतरवायला चार मुलं सांगून ठेवा, जड आहे.