पेटंटची नोटीस आणि आडतीचं सॉफ्टवेअर

लातूरच्या मोंढ्यात आमचं आडतीचं सॉफ्टवेअर चालतं. काट्यावरचं वजन थेट संगणकात येतं, हमाली-तोलाई वजा होऊन शेतकऱ्याची पट्टी निघते. ‘ही पद्धत आमच्या पेटंटमध्ये येते’ अशी वकिलाची नोटीस एका मोठ्या कंपनीकडून आली; प्रत थेट आमच्या आडतदारांना. खरा मार तिथेच बसतो. कोर्टाची पायरी कुणी चढायच्या आत सोयाबीनच्या हंगामाची ऑर्डर थांबते.

आधी नोटिशीतला नंबर पाहिला. बारा आकडी, म्हणजे पेटंटचा नव्हे, अर्जाचा: पहिले चार आकडे वर्षाचे, पाचवा कार्यालयाचा, मुंबईचा २. पेटंट कार्यालयाच्या ‘इनपास’ या ऑनलाइन शोधसेवेवर टाकला, तर अर्ज नुसता प्रसिद्ध झालेला. मंजुरीआधी उल्लंघनाचा दावा लावताच येत नाही. मंजूर पेटंट असेल तर नूतनीकरणाची फी भरलेली आहे का, तेही तिथेच दिसतं. परदेशी पेटंटच्या जोरावर इथे कुणी अडवू शकत नाही.

मग क्लेम, म्हणजे अर्जात ‘एवढ्यावर आमचा हक्क’ असं मांडलेली वाक्यं. वर्णन कितीही पानांचं असो, हक्क क्लेमपुरताच. काय जुळतं ते पाहायला पहिल्या क्लेमचे तुकडे करून तक्ता केला: डावीकडे त्यांचा एकेक घटक, उजवीकडे आमचं काम.

पेटंट कायद्याच्या कलम ३(के)नुसार व्यवसायपद्धत, अल्गोरिदम आणि नुसता संगणक प्रोग्रॅम यांना पेटंट नाही. म्हणून अर्जात प्रोसेसर, मेमरी घालून ‘प्रणाली’ असं लिहितात. तरी निर्धास्त राहू नये: तांत्रिक परिणाम खरोखर असेल तर पेटंट मिळू शकतं, हे फरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं.

मंजुरीआधी कुणीही नमुना ७ए भरून विरोध करू शकतो. २०२४ पासून त्याला फी आहे. पुरावा अर्जाच्या प्राधान्य तारखेआधीचा (त्या शोधासाठी पहिला अर्ज केल्याच्या तारखेआधीचा) हवा. जुन्या विक्रीच्या पावत्या, छापील माहितीपुस्तिका, गिऱ्हाइकाशी झालेले ईमेल चालतात. फाइलवरची संगणकाची तारीख एकटी टिकत नाही, ती बदलता येते. मंजुरी प्रसिद्ध झाल्यावर विरोधाला एक वर्ष मिळतं, तेही हितसंबंध असलेल्यालाच. ते हुकलं की रद्द करून घ्यायला उच्च न्यायालय, आणि तो खर्च छोट्या फर्मला झेपत नाही. मोठ्यांचा जोर इथेच असतो.

आडतदारांना गेलेल्या पत्रांच्या प्रती जपून ठेवल्या. कलम १०६ नुसार बिनबुडाच्या धमकीविरुद्ध दावा लावता येतो, मात्र ‘आमचं पेटंट आहे’ एवढंच कळवणं धमकी ठरत नाही. पत्रातला शब्दन् शब्द महत्त्वाचा. प्रत्येक आडतदाराला अर्जाच्या स्थितीची छापील प्रत आणि एक पानी खुलासा वकिलाच्या उत्तराची वाट न पाहता दिला.