सावद्याहून अबिस्कोला, बावीस हजारांच्या कपड्यांत

आमच्याकडे, जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याला, पारा आठ-नऊवर उतरला की पेपरात बातमी येते, केळीवर चरका पडतो आणि शेतकरी रात्री उठून बागेत धूर करतात. मे महिन्यात तोच पारा पंचेचाळीसच्या पुढे. अशा गावातली आम्ही दोघं यंदा जानेवारीत स्वीडनच्या पार उत्तरेला, अबिस्कोला, आठवडाभर जाऊन आलो. मुलगा स्टॉकहोमला नोकरीला आहे. त्याचा हट्ट, "उन्हाळ्यात सगळेच येतात. तुम्ही हिवाळ्यात या, आकाशात हिरवा उजेड, अरोरा म्हणतात तो, नाचताना दाखवतो." अबिस्को आर्क्टिक वृत्ताच्याही सुमारे २०० किलोमीटर वर आहे. रात्री उणे पंचवीस होऊ शकतं, असं तो अगदी सहज बोलून गेला. मी शाळेत गणित शिकवते. उणे पंचवीस फळ्यावर शेकडो वेळा लिहिलं असेल, पण ते अंगावर घ्यायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं.

तिकिटं मुलाने काढली, कपडे आमचे आम्ही बघायचे होते. मुंबईतल्या एका दुकानात फोन केला, तर एका जॅकेटचे अठरा हजार सांगितले. दोघांचे छत्तीस, आणि तेही फक्त जॅकेटचे. बूट, पॅन्ट, हातमोजे वेगळेच. सात दिवसांसाठी! शिवाय ते जॅकेट सावद्यात परत कधी घालणार? डिसेंबरच्या पहाटेसुद्धा त्यात घामोळं येईल.

मग पेटी उघडली. दोघांचे कॉटनचे थर्मल, ह्यांचा कॉलेजच्या काळातला स्वेटर, माझी शाल, दोन माकडटोप्या. सगळं पलंगावर मांडून मुलाला व्हिडिओ कॉल केला. त्याने पहिल्या फटक्यात थर्मल बाद केले. म्हणाला, "आई, कॉटन अजिबात नको. चालताना घाम येतो, कॉटन तो पिऊन बसतं आणि लवकर वाळत नाही. मग तू थांबलीस की ओलं कापड अंगातली ऊब खेचून घेतं." कापसाच्या मुलखातली बाई मी, घरात पऱ्हाट्यांवर भरीत भाजलेलं, आणि मलाच कापूस वर्ज्य! ह्यांना मात्र ते लगेच पटलं. साक्रीकडचे ठेलारी मेंढ्या घेऊन आमच्या भागात यायचे, ते भुरभुर पावसातही घोंगडी पांघरून बसलेले ह्यांनी पाहिले आहेत. लोकर ओली झाली तरी ऊब धरते. कापसाचं तसं नाही.

म्हणून लोकर शोधायला निघालो. हिवाळ्यात गावोगाव स्वेटरवाले पाल टाकून बसतात, तिथे "प्युअर वूल" सांगितलेला एक स्वेटर आणि फ्लीसची, म्हणजे मऊ लवदार कापडाची, दोन जॅकेटं घेतली. घरी आल्यावर मला शंका आली. स्वेटरच्या आतल्या शिवणीतून एक धागा काढून गॅसवर धरला. लोकर जळली की केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. इथे धागा वितळला आणि टोकाला टणक मणी झाला. म्हणजे कृत्रिम धागा, बहुधा ॲक्रिलिक. स्वेटर वाईट नव्हता, पण लोकरीचे पैसे देण्यासारखा नव्हता. दुसऱ्या दिवशी तो मणी दाखवायला घेऊन गेले. विक्रेता हसला आणि स्वेटर परत घेतला. फ्लीस मात्र ठेवली, पाचशेला एक. फ्लीस तर उघड उघड पॉलिस्टरच असते, ती कुणी लोकर म्हणून विकत नाही.

एव्हाना मला थोडं थोडं समजू लागलं होतं. कापड स्वतः काही गरम नसतं, त्यात अडकलेली हवा ऊब देते. आमच्या सासूबाईंच्या गोधडीत चार जुनी लुगडी आहेत. एकाच जाड कांबळ्यापेक्षा ती उबदार लागते, कारण थराथरात हवा राहते. तिथले कपडे म्हणजेही अंगावरची गोधडीच. आत अंगाला चिकटणारं, घाम बाहेर काढणारं इनर, त्यावर हवा धरणारी फ्लीस, सगळ्यात वर वारा अडवणारं आवरण. केळीच्या घडाला आम्ही स्कर्टिंग बॅग घालतो, ती तरी काय असते? पातळशीच. पण वाऱ्याला घडापर्यंत पोचू देत नाही.

एका रविवारी रेल्वेने नाशिकला गेलो, डिकॅथलॉन या खेळाच्या सामानाच्या दुकानात. तिथे मेरिनो जातीच्या मेंढ्यांच्या लोकरीचे इनर बघून मन डळमळलं. मऊसूत, आणि चार-चार दिवस घातले तरी वास येत नाही म्हणतात. पण किंमत पॉलिस्टरच्या पाचपट. आठ दिवसांसाठी वासाची एवढी काय पत्रास? पॉलिस्टरचे प्रत्येकी दोन जोड घेतले, नग आठशेला, एकूण सहा हजार चारशे. पायमोजे मात्र लोकरीचेच घेतले. तिथे काटकसर करायची नाही असं मी मनाशी ठरवलं होतं आणि ते बरोबर निघालं. चार जोडांचे चोवीसशे. बर्फाचे बूट साडेतीन हजारांना एक जोड. मला पाच बोटांचे जाड हातमोजे आवडले, पण ह्यांनी स्वतःसाठी मिटन्स घेतले, ज्यात चार बोटं एकत्र आणि अंगठा वेगळा. मी त्यांना हसले. "लहान बाळाचे वाटतात."

आता हे सगळं पुरेल की नाही हे कळणार कसं? भुसावळला माझ्या चुलत भावाची आइस्क्रीमची एजन्सी आहे. त्याच्या गोडाऊनमध्ये आत चालत जाता येईल एवढी मोठी शीतखोली आहे, दारावरचा काटा उणे १९ दाखवतो. त्याला फोन केला. तो आधी खूप हसला, मग म्हणाला, "या ताई, पण दार मी उघडं धरून बाहेर उभा राहीन. मला भाचा विचारेल, आई-बाबा कुठे गेले म्हणून." नोव्हेंबरची दुपार, बाहेर तिशीचं ऊन, आणि आम्ही दोघं गोडाऊनच्या पायरीवर थरावर थर चढवत बसलेलो. हमालांची चांगली करमणूक झाली.

ती वीस मिनिटं सगळ्या खरेदीत सर्वात कामाची ठरली. तिथली पोरं खोकी उचलून आत-बाहेर करतात, त्यांना फारसं काही होत नाही. आम्ही मुद्दाम हललोच नाही, कारण तिथे आकाशाकडे बघत उभंच राहायचं होतं. अंगाला गार लागलं नाही. दहाव्या मिनिटाला ह्यांचे पाय बधिरले. आपल्या नेहमीच्या मापाचा, नऊ नंबरचा बूट आणि आत दोन-दोन मोजे कोंबलेले. बोटं हलायलाही जागा नाही. हवा गेली पिळून, रक्तही नीट फिरेना. एकच मोजा घातला असता तर जास्त ऊब आली असती, हे गणित माझ्या विद्यार्थ्यांना पटवायला अवघड जाईल! माझे पाय ठीक होते, पण हाताची बोटं सुन्न पडली. ह्यांच्या मिटन्समध्ये हात घालून पाहिला, तर बोटं एकमेकांना शेकत बसलेली. माझं हसणं तिथेच संपलं. आणखी एक, जोडव्याचं बोट इतरांपेक्षा जास्त ठणकत होतं. काढावीत की नाही, मला धीर होईना. सासूबाईंनीच निकाल दिला, "काढून ठेव वं. पायच राह्यले नही तं जोडवे कशात घालशी?"

पुढच्या रविवारी परत नाशिक. बूट वापरून बाहेर हिंडलो नव्हतो आणि बिल जपलं होतं, म्हणून ते मोठ्या मापात बदलून मिळाले. माझे हातमोजेही परत केले आणि मिटन्स घेतले. दोघांचे मिळून सव्वीसशे. आत घालायला पातळ हातमोजे दोनशेला जोड, म्हणजे फोन काढताना मिटन काढला तरी बोट उघडं पडत नाही.

जॅकेटचा प्रश्न सुटला तो इथे नाही, तिथे. स्टॉकहोममध्ये सामाजिक संस्था जुन्या कपड्यांची दुकानं चालवतात, स्वच्छ आणि नीट लावलेली. मुलाने ह्यांच्यासाठी तिथून पिसांचं लांब जॅकेट अडीचशे क्रोनरला घेतलं, म्हणजे साधारण सव्वादोन हजार रुपये. माझ्यासाठी त्याच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीने तिचं जॅकेट दिलं. दुसऱ्याचं वापरलेलं घालायला ह्यांना सुरुवातीला जड गेलं. मी म्हटलं, मनालीच्या रस्त्यावर भाड्याचे सूट आणि गमबूट घालून फोटो काढले, ते काय तुमच्यासाठी शिवले होते?

एका ठिकाणी मात्र हुशारी अंगाशी आली. खाली घालायला वारा अडवणारी पॅन्ट हवी होती. आमच्याकडे मोटरसायकलवर घालायचा रेनकोट होता, त्याचीच पॅन्ट बरोबर घेतली. पाणी अडवते तर वारा का नाही अडवणार? अडवला. पण अबिस्कोला पहिल्याच संध्याकाळी ती पापडासारखी कडक झाली, चालताना कडकड वाजायला लागली आणि गुडघ्याशी चिरली. तसलं प्लॅस्टिक थंडीत ठिसूळ होतं. सुदैवाने रात्री आकाश बघायला नेणाऱ्यांकडे अंगभर जाड सूट मिळतात, ते फेरीच्या पैशांत धरलेलेच होते. बर्फावर कुत्री ओढतात त्या गाडीवर बसलो तेव्हाही तसेच सूट दिले. हे आधी नीट विचारलं असतं तर पॅन्टची चिंताच केली नसती. जाणाऱ्याने बुकिंग करतानाच कपडे आणि बूट तिथे मिळतात का ते विचारावं आणि मग दुकानाची पायरी चढावी.

थंडीपेक्षा उकाड्याने आधी छळलं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बूट बॅगेत मावेनात, म्हणून मुंबई विमानतळावर आम्ही ते पायात घालूनच गेलो. लोक बघत होते. स्टॉकहोमहून संध्याकाळी रेल्वेत बसलो, अबिस्कोला दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. डब्यात हीटर असा की मी रात्रभर इनरमध्ये घामाघूम. तिथले लोक आत साध्या टी-शर्टवर बसतात आणि बाहेर जाताना मिनिटभरात सगळं चढवतात. आम्हीही मग तेच शिकलो. इनर रात्री धुवून टाकायचं, कोरड्या हवेत सकाळपर्यंत वाळायचं. दुसऱ्या जोडाची खरं तर फार गरज पडली नाही.

उणे २४ अंशांतली ती रात्र. गोठलेल्या तळ्याच्या काठावर दोन तास उभे होतो. ह्यांची मिशी पांढरीशुभ्र झाली. माझ्या गळपट्ट्यावर श्वासाचं दव गोठून तो ताठ झाला. साठ टक्के बॅटरी असलेला फोन फोटो काढता काढता बंद पडला. तो आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवला तेव्हा अर्ध्या तासाने परत सुरू झाला. पाय गरम होते. मी सारखी बोटं हलवून बघत होते आणि ती खरोखर हलत होती. हिरवा पट्टा डोंगरामागून निघून डोक्यावर आला तेव्हा ह्यांच्या तोंडून फक्त "माय वो!" एवढंच निघालं.

घरी येऊन हिशेब मांडला. दोघांचे मिळून बावीस हजार पन्नास. अठरा हजारांच्या एका जॅकेटपेक्षा चारेक हजार जास्त, आणि त्यात दोन माणसं डोक्यापासून पायापर्यंत. ह्यांचं जॅकेट मुलाने त्याच दुकानाला परत देऊन टाकलं, माझं मैत्रिणीकडे गेलं. बूट वर्तमानपत्राचे बोळे भरून माळ्यावर ठेवले आहेत. शाळेतली एक सहकारी बर्फात फिरायला जाणार आहे, तिने मापही विचारून घेतलं आहे. फ्लीस आणि मिटन्स रोज वापरात आहेत. शेतावर लाईट रात्रीची असते, दोन वाजता केळीला पाणी सोडायला हे तेच घालून जातात. मोटारीचं बटण दाबायला मिटन काढावा लागतो, एवढीच तक्रार.