राखेचा ढग आणि रोमपर्यंतची रेल्वे

एप्रिल २०१० मध्ये युरोपातली विमानं बंद झाली तेव्हा मी फ्रँकफर्टमार्गे भारतात परतत होते. आइसलँडमधल्या एयाफ्यालायोकुत्ल ज्वालामुखीचा मोठा उद्रेक १४ तारखेला सुरू झाला, दुसऱ्या दिवशी ब्रिटनमधली उड्डाणं थांबली आणि १६ तारखेला फ्रँकफर्टच्या फलकावर ओळीने ‘रद्द’ झळकायला लागलं. बाहेर लख्ख ऊन. रांगेतला जो तो काचेतून वर बघत विचारत होता, “कुठे आहे राख?”

लोकांची चिडचिड समजण्यासारखी होती, पण विमानं थांबवली हे योग्यच झालं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. ही राख चुलीतल्या राखेसारखी मऊ नसते. ते खडकाचे आणि काचेचे बारीक, धारदार कण असतात. एयाफ्यालायोकुत्लवर हिमनदी आहे. वर येणारा शिलारस वितळलेल्या बर्फाच्या पाण्याला भिडला की क्षणात थिजतो, त्याचा भुगा होतो आणि वाफेच्या जोराने तो उंच फेकला जातो. जेट इंजिनाच्या पोटातली उष्णता एवढी असते की तिथे हे कण वितळतात आणि पुढे टर्बाइनवर जाऊन थिजतात, चिकटून बसतात. हवेची वाट अडली की इंजिन बंद.

२४ जून १९८२ च्या रात्री जावा बेटाजवळ गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलेल्या ब्रिटिश एअरवेजच्या जंबोची चारही इंजिनं अशीच बंद पडली होती. इंजिनांविना तरंगत विमान खाली आलं, राखेतून बाहेर पडल्यावर इंजिनं पुन्हा सुरू झाली आणि ते जकार्ताला सुखरूप उतरलं. पण राखेने घासून समोरची काच एवढी धुरकट झाली होती की वैमानिकांना धावपट्टीही धड दिसेना. विमानातलं हवामान रडार पावसाचे थेंब टिपतं. कोरडी, बारीक राख त्याला दिसत नाही. म्हणूनच पुढे जगभरात राखेवर नजर ठेवणारी नऊ केंद्रं उभी राहिली.

त्यांपैकी लंडनच्या केंद्राचे नकाशे मी लॅपटॉपवर बघायला लागले. दर सहा तासांनी नवा नकाशा यायचा. वेगवेगळ्या उंचीवरची राख कुठवर पोहोचेल, हे त्यावर रेषांनी दाखवलेलं असायचं. दोनतीन नकाशे पाठोपाठ पाहिले आणि चित्र स्पष्ट झालं. वारा राख आग्नेयेकडे ढकलत होता, जर्मनी तिच्या पट्ट्यात होतं आणि हा वारा इतक्यात फिरण्याची चिन्हं नव्हती. दक्षिण युरोप बराचसा मोकळा होता. फ्रँकफर्टलाच थांबून राहण्यात अर्थ नव्हता.

माझ्याकडे शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत फिरायला चालणारा एकच व्हिसा होता, म्हणून विमानतळाबाहेर पडून दक्षिणेकडे जाण्याचा विचार तरी मला करता आला. ज्यांच्याकडे तो नव्हता, त्यांना ट्रान्झिटमध्येच खाटांवर झोपायची वेळ आली. त्यांच्याबद्दल आजही वाईट वाटतं.

काउंटरवर कागद पुढे सरकवला जात होता: पैसे परत हवे असतील तर सही करा. माझ्यापुढच्या काकू पेन उचलतच होत्या. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या चेक-इन केलेल्या बॅगेत अडकल्या होत्या आणि त्यांना फक्त तिथून सुटायचं होतं. मी म्हटलं, “काकू, थांबा. पैसे परत घेतले की पुढचं सगळं तुमचं तुम्हाला बघावं लागेल. दुसऱ्या विमानाचं तिकीट मागा, आणि आधी बॅग मागा.” युरोपीय नियम असा, की ज्वालामुखीसारख्या कारणासाठी वेगळी भरपाई मिळत नाही, पण पर्यायी प्रवास, आणि तोवर राहण्या-जेवणाची सोय, ही विमान कंपनीचीच जबाबदारी राहते. बॅग मिळायला संध्याकाळ झाली, पण गोळ्या मिळाल्या.

मी रोमहून तिकीट मागितलं. आधी नकार आला. मग काउंटरवरच्या मुलीने वरिष्ठांना विचारलं आणि बदललेलं तिकीट छापून दिलं. रोमपर्यंत रेल्वेने जाणार आहे, हे मी त्यावर तिच्याकडून लिहून, शिक्का मारून घेतलं.

गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. म्युनिकपर्यंत उभ्याने, पुढे ब्रेनर खिंडीतून इटलीत बॅगेवर बसून. मोबाइलची रेंज आली की कोणीतरी मोठ्याने बातमी वाचायचं, आणि अनोळखी माणसं एकमेकांना वाटा सुचवायची: बार्सिलोनाला जा, अथेन्सला जा.

तोवर नियम एवढाच होता, की राख असेल तिथे उडायचं नाही, मग ती कितीही कमी असो. २० तारखेला इंजिन बनवणाऱ्यांशी बोलून ब्रिटनमध्ये उडायला चालेल अशी राखेची मर्यादा ठरली, हवेच्या घनमीटरमागे २ मिलिग्रॅम, आणि त्या रात्री लंडनला विमानं उतरायला लागली. मी तेव्हा रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर होते आणि माझं विमान वेळेवर सुटलं.

परतल्यावर हॉटेल, जेवण आणि रेल्वेच्या पावत्या पाठवल्या. कंपनीने एकाच रात्रीचं हॉटेल मान्य केलं. मी नियमाचं कलम आणि शिक्क्याचा कागद जोडून पुन्हा लिहिलं, तेव्हा रेल्वेभाड्यासकट सगळे पैसे आले. याच राखेमुळे अडकलेल्या एका प्रवाशाच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये निकाल दिला: अशा वेळी प्रवाशांची सोय करण्याच्या जबाबदारीला दिवसांची किंवा पैशांची मर्यादा नाही.