एक पान कमी होतं

मी इकडे अमेरिकेत जुन्या टपालाचा लिलाव करणाऱ्या एका कंपनीत कॅटलॉग लिहिते. मध्ये ओहायोच्या एका कुटुंबाचं खोकंभर टपाल आलं, बरंचसं घरगुती, पण त्यात एक निळ्या कागदाचं घडीचं पत्र निघालं, तिकीट नाही, सॅन फ्रान्सिस्कोचा गोल शिक्का आणि शेजारी ८०, म्हणजे ८० सेंट टपालखर्च. बघूनच धडधडायला लागलं.

शिक्क्यात साल नाही, आत नुसतं 'रविवार, १६ सप्टेंबर'. पण कॅलिफोर्नियाहून पूर्वेकडे ४० सेंट हा दर १८४७ ते जून १८५१ एवढाच होता, आणि तेवढ्या काळात १६ सप्टेंबरला रविवार येतो तो फक्त १८४९ ला. म्हणजे ऐन गोल्ड रश, सोन्यासाठी लोक कॅलिफोर्नियाला धावत होते तो काळ! हे पत्र बोटीने पनामापर्यंत, मग खेचरं आणि होड्यांवरून पलीकडच्या किनाऱ्यावरच्या चाग्रेसला, तिथून परत बोटीने न्यूयॉर्क असं आलेलं, रेल्वे तिथे १८५५ ला झाली.

पण मग ८० का? दर अर्ध्या औंसाला, म्हणजे साधारण १४ ग्रॅमला ४०, त्याच्या वर गेलं की डबल. मी पान वजनाला लावलं तर जेमतेम ८ ग्रॅम. बॉस म्हणाला, बोट सुटायच्या दिवशी पोस्टात तोबा गर्दी असायची, क्लार्कने घाईत मारला असेल शिक्का. मला काही पटेना, कारण पैसे पत्र घेणाऱ्याने भरायचे आणि ८० सेंट म्हणजे तेव्हा मजुराची जवळजवळ दिवसाची कमाई, एवढे कोण मुकाट्याने देईल? मग सगळं खोकं उपसलं, एकेक पाकीट उघडून बघितलं, आणि संध्याकाळी एका बऱ्याच नंतरच्या पाकिटात पत्ता नसलेलं निळं पान सापडलं. तीच शाई, तेच अक्षर, घड्या घड्यांवर तंतोतंत बसल्या, दोन्ही मिळून १५ ग्रॅमच्या वर!! पहिलं पान भावाला, सगळं पैशांचं आणि प्रवासाचं. हे बायकोला, काही झालं तरी गाय विकू नकोस, पैसे पाठवतोय.

बॉसला दोन पानांचे वेगळे लॉट करायचे होते, म्हणजे लिलावात वेगवेगळी विकायची होती, मी हट्टाने एकच केला. पूर्वीच्या कलेक्टर लोकांनी शिक्क्यांसाठी बाहेरचा कागद ठेवून आतली पत्रं फेकून दिली, कितीतरी माणसं अशी कायमची हरवली, मला त्याचा फार राग येतो.

त्या घरच्या आजींना फोन केला, त्यांनी बायकोचं पान माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि दोन्ही पानं लिलावातून काढून परत मागवली. बाकीचं खोकं पुढच्या महिन्यात जातंय.