तुम्ही विचारलेत म्हणून : तुर्कीत गेलेली ४१ विधाने

मी मानसमापन, म्हणजे मानसिक गुणांचे मोजमाप कसे करायचे हे शिकवते, म्हणून शिक्षक आणि पालक मला पुन्हा पुन्हा विचारतात, की मुलांच्या वर्तनसमस्या मोजणारी परदेशी पदनिश्चयन श्रेणी (म्हणजे पालक किंवा शिक्षक ज्यातील प्रत्येक विधानाला गुण देतात, असे प्रपत्र) चांगल्या भाषांतरकाराकडून आपल्या भाषेत करून घेतली, तर ती लगेच वापरायला हरकत काय? अशा वेळी मी तुर्कस्तानातील एक उदाहरण सांगते.

मूळचे तुर्कस्तानचे आणि कॅनडात काम केलेले बालमनोविकारतज्ज्ञ आतिला तुर्गाय यांनी १९९४ च्या डीएसएम-४ या मनोविकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेतील लक्षणांवरून एक श्रेणी तयार केली. तिच्यात ४१ विधाने आहेत : अवधानाच्या उणिवेची ९, अतिचंचलता व उतावळेपणाची ९, विरोधी-उद्धट वर्तनाची ८ आणि आचरणविकृतीची (मारामारी, चोरी अशा नियम मोडणाऱ्या वर्तनाची) १५. श्रेणीच्या कर्त्याचीच मातृभाषा तुर्की होती, तरीही एयुप साब्री एर्जान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तुर्की रूपाची विश्वसनीयता (ते पुन्हा पुन्हा सारखेच माप देते का) आणि सप्रमाणता (जे मोजायचे तेच ते मोजते का) तुर्की मुलांवर स्वतंत्रपणे तपासावी लागली. तो अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. भाषा येणे आणि माप जुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला याहून स्पष्टपणे दाखवता येत नाही.

अडचण बहुधा विधानांत नसते, उत्तरांच्या शब्दांत असते. या श्रेणीत प्रत्येक विधानाला ० ते ३ गुण द्यायचे असून २ गुणांसाठी तुर्कीत ‘फाझ्ला’ हा शब्द आहे. आपल्या ‘फाजील’ शब्दाचे मूळ ज्या अरबी धातूत आहे, त्यातूनच तोही आला आहे, आणि त्याचा अर्थ ‘जास्त’ असाही होतो व ‘प्रमाणाबाहेर’ असाही. म्हणजे तो अंक निवडणारी आई मुलाची चंचलता किती आहे एवढेच सांगत नाही, तर किती असायला हवी होती हेही मनाशी ठरवत असते. अवधानाच्या ९ विधानांपैकी किमान ६ विधानांना २ किंवा ३ गुण मिळाले, तर पुढील तपासणीची गरज मानली जाते. त्यामुळे या एका शब्दाची छटा थोडी सरकली, तरी उंबरठ्याच्या अलीकडची मुले पलीकडे जातात.

दुसरा पेच मूळ पुस्तिकेतलाच आहे. तिथे अवधान आणि चंचलतेच्या प्रत्येक लक्षणात ‘वारंवार’ हा शब्द असतो. विधानात ‘वारंवार वस्तू हरवतो’ असे लिहून पुन्हा ‘किती?’ असे विचारले, तर वारंवारता दोनदा मोजली जाते, आणि कधीमधी वस्तू हरवणाऱ्या मुलाचे काय नोंदवावे हे शिक्षकाला कळत नाही.

एका बाबतीत मात्र तुर्की भाषा भाग्यवान आहे : तिच्या सर्वनामांत आणि क्रियापदांत लिंगभेद नाही, त्यामुळे एकच विधान मुलालाही लागू पडते आणि मुलीलाही. मराठीत ‘जागेवर बसत नाही’ हे दोघांनाही चालते, पण ‘जागेवरून उठतो’ म्हटले की शिक्षकाच्या डोळ्यांपुढे मुलगाच उभा राहतो. आधीच वर्गात गप्प बसून स्वतःच्या विचारांत हरवलेल्या मुलींकडे दुर्लक्ष होते, त्यात ही भर मला फार खटकते. ‘मूल उठते’ हा पर्याय व्याकरणाला धरून असला, तरी आठवीतल्या विद्यार्थ्याला कोणी मूल म्हणत नाही. म्हणून मराठी रूप करायचे झाले, तर मी मुलगा आणि मुलगी यांच्यासाठी दोन स्वतंत्र प्रपत्रे करीन, आणि दोन्ही आधी शिक्षकांकडून भरून घेऊन त्यांना प्रत्येक विधानाचा काय अर्थ लागला हे समोर बसून विचारीन.